कापूस ओळखणाऱ्या शीलाताई

"तायडेबाईंचं काय घेऊन बसलात, त्यांना प्रत्येक काचेवर बुरशीच दिसते."

वाक्य आतून आलं आणि त्याच्यामागून दोघातिघांचं हसू. त्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मी मान खाली घातली, जसं काही ते माझ्याबद्दलच बोलले होते. ज्यांच्याबद्दल बोलले होते त्या शीलाताई तायडे शांतपणे संत्रं सोलत होत्या. साल त्यांनी एकसंध काढली, घडी करून पिशवीत टाकली आणि अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

"हासू दे. त्याईच्या हासण्यानं काचेवरचं पुसून नाई जात."

अकोल्यातल्या आमच्या दवाखान्याच्या व्यवस्थापकांची ती खोली. आत तिघं बसले होते. शीलाताईंना सूक्ष्मदर्शकावर ठेवायचं की काढून नोंदणीच्या खिडकीवर बसवायचं, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. शीलाताईंचं म्हणणं त्यांनी आधीच ऐकून घेतलं होतं. आता मला बोलावणार होते. मला एकच प्रश्न विचारला जाणार हे मला माहीत होतं, आणि उत्तरही माहीत होतं. तीन आठवडे ते माझ्याजवळ पडून होतं.

त्या दिवशी शीलाताईंनी सुती साडी नेसली होती. खळ घातलेली, कडक इस्त्रीची, पांढऱ्यावर निळे काठ. मी त्यांना सुती साडीत पहिल्यांदाच पाहत होते, म्हणून तिकडेच बघत राहिले. त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, "आज काच नाई ना पुढं."

ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना याचा अर्थ लागणार नाही. अकोल्याच्या उन्हाळ्यात माणसं सुती सोडून काही अंगाला लावत नाहीत. शीलाताई मात्र बारा महिने, कामावर असताना, नायलॉनची साडी नेसायच्या. मोठमोठ्या फुलांची, अंगाला चिकटणारी, बघूनच घाम फुटावा अशी. माझी त्यांची पहिली भेट यावरूनच झाली. मी अमरावतीहून एमएस्सी करून आले होते, नवीन पांढरा कोट, खाली नवीन ओढणी. मी "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणेपर्यंत त्यांनी ओढणीचं टोक चिमटीत धरून चोळलं होतं.

"माय वं, हे सुती हाये. जा, काढून ठेव. सुती कपड्यानं या टेबलाजौळ यायचं नाई. अन् मॅडम कोनाले म्हनून राह्यली? ताई म्हन."

कारण त्यांनी दुपारी सांगितलं. आमच्याकडे येतात ते शेतात डोळ्याला लागलेले लोक. तुरीचं धसकट लागतं, पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, काडी लागते, मळणीचा भुसा उडतो. बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्याला ओरखडा पडतो आणि त्या ओरखड्यातून बुरशी आत शिरते. माणसाच्या डोळ्यावर ती जगते, डोळा खातच वाढते. डोळ्यांच्या डॉक्टर मॅडम तिथला तीळभर खरवडून काचेवर ठेवून आमच्याकडे पाठवतात. त्यावर आम्ही पोटॅशचा एक थेंब टाकतो. मांसाचा भाग विरघळतो, बुरशी विरघळत नाही. तिचे धागे उरतात. ते दिसले तर त्याच दिवशी बुरशीवरचं औषध सुरू होतं. नाही दिसले तर बहुतेक वेळा लाली उतरवणारे थेंब चालू राहतात, आणि ते थेंब म्हणजे बुरशीला खतपाणी.

आता अडचण अशी की धागा कापसालाही असतो. आणि वऱ्हाडात कापूस कुठे नाही? पेशंटच्या पदरावर आहे, डोळ्यावरच्या पट्टीत आहे, वेचणीच्या दिवसांत हवेत आहे. तो उडून काचेवर बसतो. "आपल्या अठी हवाच कापसाची हाये," शीलाताई म्हणायच्या. "त्यात माह्या पदराचा आनखीन काहून टाकू?"

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला एकही बुरशी दाखवली नाही. सकाळी आले की पाच काचा मांडून ठेवलेल्या असायच्या. एकीवर कापूस. एकीवर कोळ्याच्या जाळ्याचा तंतू. एकीवर त्यांच्याच वेणीतला केस. एकीवर नुसता हवेचा बुडबुडा, ज्याच्या काठाला मी दोन दिवस काहीतरी गंभीर समजत होते. पाचवी रोज वेगळी. मी कंटाळले. बुरशीवर मी पेपर लिहिले होते, सेप्टेट हायफी, नॉन-सेप्टेट हायफी, म्हणजे पडद्यांचे आणि बिनपडद्यांचे धागे, सगळं पाठ होतं. हे मी बोलले नाही, कारण मी काहीच बोलत नसे. पण चेहऱ्यावर आलं असावं.

"आधी काय नाई थे शिक," त्या म्हणाल्या. "जे हाये थे मंग आपोआप दिसते."

आठव्या दिवशी दिसलं. कापसाचा धागा रुंद, चपटा, फितीसारखा, मध्येमध्ये पीळ पडलेला. आणि हा बारीक, सगळीकडे सारख्या जाडीचा, आत आडवे पडदे, आणि एका ठिकाणी त्यालाच दुसरा फुटलेला. मी इंग्रजीत पुटपुटले, "सेप्टा. ब्रांचिंग."

"ज्वारीचं धांडं पाह्यलं का कधी?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. पाहिलं होतं, पण बसच्या खिडकीतून. "त्याले पेरं अस्ते. याले बी पेरं हाये. अन् फांदी फुटली हाये. ज्याले पेरं हाये अन् ज्याले फांदी फुटते, थे जित्तं अस्ते. कापूस मेलेला अस्ते. एवढंच ध्यानात ठेव, बाकी पुस्तकात हाये तुह्या."

त्यांच्या काही गोष्टी मला त्या वेळी अतिरेकी वाटायच्या. पोटॅशचा थेंब टाकला की घड्याळ पाहून वीस मिनिटं काचेला हात लावायचा नाही. प्रयोगशाळेचे मोठे सर पाच मिनिटांत बघून मोकळे व्हायचे. शीलाताई त्यांच्या तोंडावर म्हणायच्या, "सर, वरनाले बी शिजू देतो आपन." सर हसायचे; त्यांना ते आवडायचं नाही. दुसरी गोष्ट वहीची. आमचे रिपोर्ट संगणकावर छापून जात, तरी त्यांनी एक लांबोडकी वही ठेवली होती. पेशंटचं नाव, कुठला डोळा, कशानं लागलं. पुढे दोन रकाने, पहिली नजर आणि दुसरी नजर. पहिल्या रकान्यात त्या लिहायच्या आणि शेजारी पेन्सिलीनं दिसलं तसं चित्र काढायच्या, बोटाच्या पेराएवढं, पण त्यात पडदे मोजता यायचे. दुसरा रकाना मग दुसऱ्या माणसानं भरायचा. त्यांचं लिहिलेलं न बघता, एकमेकांशी न बोलता. पहिला रकाना कागदाच्या पट्टीनं झाकलेला असे.

"एका नजरेचं काय खरं हाये?" त्या म्हणायच्या. "मी बी चुकतेच. पन दोघी एकाच दिवशी एकाच जागी नाई चुकनार."

आणि खरंच, वहीत त्यांच्या चुका होत्या. लाल पेन्सिलीनं स्वतःच खुणा केलेल्या. प्रत्येक काचेवर ज्यांना बुरशी दिसते असं त्या खोलीतल्या लोकांना वाटत होतं, त्यांच्या वहीची पानंच्या पानं 'नाही', 'नाही', 'कापूस', 'नाही' अशी होती.

मी ज्या घरात आणि ज्या शाळेत वाढले तिथे मोठ्या माणसासमोर न बोलणं हा गुण होता. कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोललं तर शिक्षा आणि घरी इंग्रजी बोललं तर चेष्टा. यातून मी सोपा मार्ग काढला, गप्प राहण्याचा. शीलाताईंनी माझं नाव मौनीबाई ठेवलं होतं. "मौनीबाई, डबा खाल्ला का? मान नोको हालवू, तोंडानं सांग." मी देवनागरी लिहायला वेळ लावायचे, तर त्या शेजारी उभं राहून थांबायच्या. इतर कुणाला त्या इतका वेळ देताना मी पाहिलं नाही.

त्या वलगावच्या. वडील दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करायचे, आई वेचणीला जायची. पाचव्या वर्षापासून त्याही आईबरोबर कमरेला ओटी बांधून जात. एकदा मी धीर करून विचारलं की तुम्हाला कुणाचीच भीती कशी वाटत नाही. त्यांनी भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला आणि म्हणाल्या, "वाटते ना, काहून नाई वाटत? पन माह्या बापानं मले दर रविवारी विहारात उभं केलं अन् सगळ्याईपुढं मोठ्यानं वाचाले लावलं. पह्यल्या रविवारी मी रडली. दुसऱ्या रविवारी बी रडली. बाप म्हने, रडत रडत वाच, पन वाच. मंग आवाज फुटला." मग दुसरा तुकडा मोडत, "तुले कोनी उभंच नाई केलं, बाई."

त्या थंडीत, तुरी कापायच्या दिवसांत, बाळापूरकडच्या एका खेड्यातून कांताबाई आल्या. वय चाळिशीचं. तुरीच्या धसकटानं उजवा डोळा दुखावला होता. गावात कुणीतरी लाली उतरायचे थेंब दिले, चार दिवस बरं वाटलं, मग डोळ्यात पांढरा ठिपका दिसू लागला. प्रयोगशाळेच्या दाराशी त्या पदरानं डोळा झाकून बसल्या होत्या. डावा डोळा लहानपणी देवीनं गेलेला, हे त्यांनी आम्हाला न विचारता सांगितलं. "हा एकच हाये वं माय," एवढंच म्हणाल्या.

शीलाताईंनी थेंब टाकला. वीस मिनिटं थांबल्या. पाहिलं, लिहिलं, चित्र काढलं, पट्टी झाकली आणि उठून हात धुवायला गेल्या. मी बसले. प्रकाश थोडा कमी केला, जसा त्यांनी शिकवला होता. डाव्या कोपऱ्यात होती. बारीक, सारख्या जाडीची. पेरं मोजली, चार. तिसऱ्या पेरापाशी फांदी. मी पेन उचललं.

मागून मोठे सर आले. "व्हॉट हॅव वी हिअर?" त्यांनी मला उठवलं, काच इकडेतिकडे सरकवली. दहा सेकंद असतील. "कॉटन फायबर. सीझन आहे. निगेटिव्ह टाका." आणि माझ्याकडे पाहून, मायेनंच, "पेशंटच्या पदराचं असतं गं ते. यू विल लर्न."

मी पेनाला टोपण लावलं.

शीलाताई ओल्या हातांनी परत आल्या तेव्हा संगणकावर 'बुरशी आढळली नाही' असं टाइप होत होतं. त्यांनी सरांना सांगितलं की काच पुन्हा बघा, मधला नाही, डावा कोपरा बघा. सर म्हणाले, गरज नाही. मग जे झालं ते मी शब्दाला शब्द सांगू शकते, कारण मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

"बाई, तुमचा डिप्लोमा आहे. माझी एमडी आहे. रिपोर्टवर सही माझी असते."

"सही तुमची हाये सर. नजर माही हाये."

"तो कापूस आहे."

"सर, पाच वर्साची होती तवापासून कापूस येचला म्या. उनात येचला, बोटं फाटेपावतर येचला. मले बाकी काईही शिकवा. कापूस नोका शिकवू."

सर निघून गेले. छापील कागद डोळ्यांच्या विभागात गेला. शीलाताईंनी पट्टी काढून वही उघडली, माझा रकाना पाहिला. तो कोरा होता. वही काखेत मारली, काच ट्रेमध्ये ठेवली आणि जिना उतरून सरळ डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमकडे गेल्या. मॅडमनी काच त्यांच्याकडच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा प्रयत्न केला, पण ने-आण करताना वरची पातळ काच सरकली होती. नीट काही दिसेना. तेव्हा मॅडमनी शीलाताईंचं चित्र पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "नक्की?" शीलाताई म्हणाल्या, "मॅडम, तिले दुसरा डोया नाई." मॅडमनी छापील रिपोर्ट बाजूला ठेवला आणि बुरशीवरचं औषध सुरू केलं.

खरवडलेलं थोडं शीलाताईंनी, बुरशी असेल तर वाढावी म्हणून, नळीतही लावून ठेवलं होतं. पाच दिवसांनी त्या नळीत पांढरं, मऊ, पिंजल्यासारखं काहीतरी भरून आलं. त्यांनी ती नळी उजेडात धरली आणि पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या. "आता म्हना याले कापूस!" निळ्या रंगात बुडवून काचेवर पाहिलं, तर विळ्याच्या आकाराचे दाणे पसरले होते. शेतातल्या मातीत असते तीच बुरशी.

मला वाटलं, संपलं. पण सर म्हणाले की नळीत हवेतलीही बुरशी पडते, त्यावरून पहिल्या दिवसाचं काही सिद्ध होत नाही. तेही खोटं नव्हतं. पोटॅशमधली काच तर वाळून गेलेली. पहिल्या दिवशी काचेवर बुरशी होती की कापूस, हे सांगायला फक्त वही उरली. त्यात एका बाईचं पेन्सिलीचं चित्र, आणि शेजारी कोरी जागा. शीलाताईंना व्यवस्थापकांचं पत्र आलं. छापील रिपोर्टच्या विरोधात, अधिकार नसताना, डॉक्टरांना तोंडी सांगितलं, खुलासा द्या, दिलगिरी व्यक्त करा. त्यांनी खुलासा दिला. दिलगिरीच्या जागी लिहिलं, 'पुन्हा दिसलं तर पुन्हा सांगीन.' ते त्यांनी मला वाचून दाखवलं आणि ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे ना, एवढंच विचारलं.

त्या तीन आठवड्यांत त्या मला एकदाही म्हणाल्या नाहीत की तू बोल. तेच मला सोसत नव्हतं. एका संध्याकाळी मीच म्हणाले, "ताई, माझा रकाना..." त्या सूक्ष्मदर्शकावर कापडी नव्हे, प्लॅस्टिकचं आवरण घालत होत्या.

"कोरा रकाना बी बोलते, पोरी," म्हणाल्या. "काय बोलते थे तुले मालूम हाये. मले कायले सांगतं?"

पुढचं सांगून टाकते. कांताबाईंच्या डोळ्यात फूल राहिलं, पण त्या आता एकट्या बाजाराला जातात. शीलाताईंना तरीही महिनाभर खिडकीवर बसवलं. रिपोर्टविरुद्ध गेल्या, ही गोष्ट काही माफ झाली नाही. तिथेही त्या प्रत्येक माणसाला "कशानं लागलं?" विचारून चिठ्ठीवर लिहून आत पाठवायच्या, आणि डोळ्यांच्या मॅडमनी हट्ट धरला तेव्हा त्यांना परत बोलावलं. निवृत्त होईपर्यंत त्या त्याच खुर्चीवर होत्या. आता वलगावला असतात, सुती साड्या नेसतात. शिळ्या भाकरीवर, लिंबाच्या लोणच्यावर काही उगवलं की फोटो पाठवतात. खाली लिहिलेलं असतं, 'वयख', म्हणजे ओळख. मी इकडे अमरावतीत एका प्रयोगशाळेत आहे. आमच्याकडे दोन रकान्यांची वही आहे, आणि नवीन मुलींना पहिला आठवडा नुसता कापूस बघावा लागतो. त्या मला कंटाळतात हे मला दिसतं.

तर, तो बाक. संत्रं संपलं होतं. आतून माझं नाव घेतलं. मी उठले तेव्हा शीलाताईंनी माझ्या कोटाला चिकटलेला एक पांढरा धागा काढला, उजेडात धरून पाहिला आणि फुंकून टाकला. "कापूस," म्हणाल्या.

आत व्यवस्थापक, मोठे सर आणि बाहेरून बोलावलेले एक वयस्कर डॉक्टर. टेबलावर वही उघडी होती. त्या डॉक्टरांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "दुसरी नजर तुमची होती. इथे काहीच कसं लिहिलेलं नाही?"

मी उत्तर देण्याआधी सर पुढे झुकले. आवाज मऊ होता. "शी वॉज व्हेरी न्यू, सर. तिला काही समजलं नसेल. इट्स ओके, बेटा. यू कॅन से यू वेअर नॉट शुअर."

न लागणारं ते दार माझ्यामागे अर्धवट उघडंच होतं. 'आय वॉज नॉट शुअर' एवढं म्हटलं की मी बाहेर, माझी नोकरी माझ्याजवळ, आणि कोणी माझ्यावर रागावणार नव्हतं. इंग्रजीत ते फार सोपं वाक्य होतं. माझे डोळे भरून आले आणि मला विहारात उभी असलेली एक लहान मुलगी दिसली, रडणारी. रडत रडत वाच, पण वाच. मी वही माझ्याकडे वळवली. बाहेर बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, मराठीत, मी मोठ्या सरांना म्हणाले,

"मला समजलं होतं. डाव्या कोपऱ्यात बुरशी होती, चार पेरं होती आणि तिसऱ्यापाशी फांदी होती. मी लिहिलं नाही, कारण तुम्ही मागे उभे होतात आणि मी घाबरले. हा रकाना मी आज भरणार आहे, आजची तारीख घालून. तो कापूस नव्हता, सर. कापूस कसा असतो, ते ताईंनी मला सगळ्यात आधी शिकवलं आहे."